कोड, डिझाइन, स्प्लिट, लाइव्ह: संकेतस्थळ बांधताना कोणते काम कोणत्या व्ह्यूमध्ये करावे

गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका कुळागराचे, म्हणजे पोफळीच्या बागेचे, संकेतस्थळ गेल्या पावसाळ्यात मी बांधून दिले. पाने सहाच होती, पण प्रत्येक पान मराठी, कोंकणी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत हवे होते. पोफळींखाली वाढणाऱ्या मिरवेली आणि जायफळीची माहिती, मुक्कामाच्या खोल्यांचे दर, वाटेचा नकाशा आणि पाहुण्यांच्या प्रश्नांची उत्तरे असा त्यातील ऐवज होता, आणि सारे काम चवथीपूर्वी संपवायचे होते. ते करताना माझ्याकडून झालेल्या चुका मागाहून तपासून पाहिल्या, तेव्हा त्यांतील बहुतेक एकाच कारणाने झाल्याचे लक्षात आले. जे काम एका व्ह्यूमध्ये करायचे ते मी दुसऱ्याच व्ह्यूमध्ये करत होतो आणि तेथे जे दिसते तेच खरे मानत होतो. संकेतस्थळ बांधण्याच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एकच पान वेगवेगळ्या रूपांत, म्हणजे व्ह्यूंमध्ये, पाहण्याची सोय असते. प्रत्येक रूप काहीतरी दाखवते आणि काहीतरी झाकते. कोणते रूप काय झाकते हे ठाऊक असले, की कोणत्या वेळी कोठे जायचे हे आपोआप ठरत जाते.

या लेखातील मुख्य उदाहरण ड्रीमविव्हर या संकेतस्थळ बांधण्याच्या सॉफ्टवेअरचे आहे. मॅक्रोमीडिया कंपनीने ते १९९७ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आणले आणि २००५ मध्ये ती कंपनी अडोबीने विकत घेतल्यावर ते अडोबीचे झाले. अलीकडच्या वर्षांत त्यात मोठी भर पडलेली नाही आणि नव्याने शिकणाऱ्याने त्यावर पैसे खर्च करावेत असा माझा आग्रह नाही. मात्र चार व्ह्यू शेजारी शेजारी ठेवून त्यांतील फरक समजून घेण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे दुसरे साधन मला मिळाले नाही. ब्राउझरमधूनच संकेतस्थळ बांधण्याचे साधन असलेले वर्डप्रेस वापरणाऱ्यांसाठी वेगळा भाग पुढे दिला आहे.

चार व्ह्यूंची ओळख

ड्रीमविव्हरमध्ये पान उघडले की वरच्या पट्टीवर मधोमध कोड, स्प्लिट आणि लाइव्ह अशी तीन बटणे दिसतात. लाइव्हच्या शेजारी लहान बाण असतो आणि तो दाबल्यावर चौथा पर्याय, म्हणजे डिझाइन, मिळतो. कोड व्ह्यूमध्ये पानाचा मूळ मजकूर त्याची रचना सांगणाऱ्या खुणांसह (टॅगांसह) जसाच्या तसा दिसतो. डिझाइन व्ह्यूमध्ये पानाचे ढोबळ चित्र दिसते आणि त्यात एखाद्या पत्रासारखे टंकलेखन करता येते. परंतु तेथे जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हालचाल देणारी भाषा, चालत नाही आणि आजच्या पद्धतीच्या मांडण्या बऱ्याचदा विस्कटलेल्या दिसतात. लाइव्ह व्ह्यू म्हणजे सॉफ्टवेअरच्या आत बसवलेला एक ब्राउझरच असतो, त्यामुळे तेथे पान खऱ्या रूपाच्या बरेच जवळ असते. स्प्लिट व्ह्यूमध्ये खिडकीचे दोन भाग होऊन एकात कोड आणि दुसऱ्यात लाइव्ह किंवा डिझाइन दिसते. बाणाखाली डिझाइन निवडलेले असेल, तर स्प्लिटमध्येही डिझाइनच येते. नवशिक्याचा येथे नेहमी गोंधळ होतो, कारण स्प्लिट तेच असूनही आज पान वेगळे का दिसते आहे, हे त्याला कळत नाही. कंट्रोल आणि आकड्यांच्या ओळीच्या डाव्या टोकाची उलट्या स्वल्पविरामाची कळ एकत्र दाबली, की कोड आणि दृश्य रूप यांत ये-जा करता येते. ही एक जोडी पाठ झाली तरी पुष्कळ वेळ वाचतो.

आधी जागा आवरून घ्यावी

कामाला बसण्यापूर्वी संगणकावर एक फोल्डर करून साइट या मेनूतील न्यू साइटमधून तो संकेतस्थळाचा मूळ फोल्डर म्हणून नोंदवावा. ही पायरी टाळली तर चित्रांचे आणि दुव्यांचे पत्ते चुकत जातात. फाइलींची नावे रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि मध्ये रिकामी जागा न सोडता द्यावीत. हा नियम अनेकांना उगाचच वाटतो. परंतु विंडोजवर लहान आणि मोठ्या अक्षरांत भेद केला जात नाही, म्हणून चित्राचे नाव एका ठिकाणी मोठ्या अक्षराने आणि दुसऱ्या ठिकाणी लहान अक्षराने लिहिलेले असले, तरी लाइव्ह व्ह्यूमध्ये ते चित्र व्यवस्थित दिसते. संकेतस्थळे ज्या सर्व्हरवर ठेवली जातात त्यांतील बहुतेक लिनक्सवर चालतात आणि तेथे हा भेद पाळला जातो. पान वर चढवल्यावर चित्राच्या जागी रिकामी चौकट उरते. चारही व्ह्यूंनी एकमुखाने झाकलेली अशी ही चूक असते.

त्यानंतर विंडो मेनूतील वर्कस्पेस लेआउटमध्ये जावे. तेथे डेव्हलपर आणि स्टँडर्ड अशा दोन तयार मांडण्या असतात. पहिलीत जवळजवळ केवळ कोड आणि फाइलींची यादी दिसते, तर दुसरीत दृश्य कामाला लागणारी पॅनेलेही उघडी असतात. माझ्यासारखे जे चौदा इंचांच्या लॅपटॉपवर काम करतात त्यांना स्टँडर्ड मांडणीत पानासाठी फारच थोडी जागा उरते. म्हणून मी फाइल्स, डॉम (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस डिझायनर (रंग आणि मांडणीचे नियम) ही तीनच पॅनेले ठेवतो, बाकीची बंद करतो आणि न्यू वर्कस्पेस हा पर्याय वापरून ही मांडणी स्वतंत्र नावाने जतन करतो. काम करता करता पॅनेले इकडे तिकडे गेली, तर त्याच मेनूतील रीसेट निवडल्यावर सारे पुन्हा जागेवर येते. पान डोळे भरून पाहायचे असेल तेव्हा एफ-४ दाबावे; सगळी पॅनेले लपतात आणि तीच कळ पुन्हा दाबल्यावर परत येतात.

सुरुवात कोड व्ह्यूपासून

नवे पान उघडल्यावर थेट लाइव्हमध्ये जाऊन शीर्षक लिहायला लागण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि पहिली दहा मिनिटे कोड व्ह्यूमध्ये द्यावीत, कारण पानातील तीन महत्त्वाच्या गोष्टी दृश्य रूपात कोठेच दिसत नाहीत.

पहिली गोष्ट अक्षरसंचाची. पानाच्या डोक्यात, म्हणजे हेड या सुरुवातीच्या भागात, यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीची नोंद असायला हवी. कंट्रोल आणि जे दाबून उघडणाऱ्या पेज प्रॉपर्टीजमध्येही ती तपासता येते.

दुसरी गोष्ट भाषेची. एचटीएमएल या सर्वांत बाहेरच्या खुणेत लँग हा गुणधर्म असतो आणि नव्या पानात त्याची किंमत नसते किंवा ती इंग्रजीची असते. मराठी पानासाठी ती एम-आर आणि कोंकणी पानासाठी के-ओ-के अशी द्यावी. हा केवळ उपचार नाही. देवनागरीतील ल आणि श यांची मराठी घडण हिंदीतील घडणीपेक्षा वेगळी आहे, आणि ज्या फाँटमध्ये दोन्ही घडणी भरलेल्या असतात त्यात ब्राउझर ही नोंद पाहूनच मराठी वळण निवडतो. नोटो सान्स देवनागरी हा तसा फाँट आहे. अंधांसाठी पान वाचून दाखवणारी साधनेही कोणत्या भाषेत उच्चार करायचा ते याच नोंदीवरून ठरवतात. तीन भाषांचे संकेतस्थळ असेल, तर मराठी पानाची प्रत काढून कोंकणी पान बनवताना ही नोंद बदलायची राहून जाते, कारण डोळ्यांना काहीच खटकत नाही. त्यामुळे प्रत काढल्यावर पहिला बदल याच ओळीत करावा, अशी सवय मी लावून घेतली आहे.

तिसरी गोष्ट व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे दाखवण्यास सांगणाऱ्या ओळीची, आणि तिने मला चांगलेच तोंडघशी पाडले. व्ह्यूपोर्टची नोंद पानाच्या डोक्यात नसेल, तर फोनवरील ब्राउझर पानाची रुंदी साधारण ९८० पिक्सेल धरतो आणि एवढे रुंद पान आक्रसून फोनच्या पडद्यावर बसवतो. लाइव्ह व्ह्यूची खिडकी मी अरुंद करून पाहिली होती, मजकूर सुरेख वळत होता, खोल्यांची चित्रे एकाखाली एक येत होती. कुळागराच्या मालकीणबाईंनी आपल्या फोनवर पान उघडले आणि चष्मा कपाळावर सरकवून मला विचारले, ‘‘ही अक्षरे मुंग्यांसाठी आहेत का?’’ ती एक ओळ मी जुन्या पानावरून प्रत करताना गाळली होती. लाइव्ह व्ह्यूला तिची गरज पडत नाही आणि म्हणून तिची उणीवही तेथे दिसत नाही.

मजकूर चिकटवताना

गोव्यातील अनेक देवस्थानांच्या, मंडळांच्या आणि छोट्या व्यवसायांच्या संकेतस्थळांचा मूळ मजकूर छापखान्यातून येतो. जत्रेचे पत्रक, स्मरणिका किंवा माहितीपुस्तिका कोणीतरी पूर्वी छापून घेतलेली असते आणि त्याचीच फाइल आपल्या हाती पडते. ती युनिकोडपूर्व फाँटमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची युनिकोड ही सामाईक पद्धत रुळण्याआधीच्या फाँटमध्ये, टाइप केलेली असेल, तर तिच्यात खरी देवनागरी अक्षरे नसतातच. रोमन अक्षरे आणि चिन्हे यांना त्या फाँटने देवनागरीचे कपडे घातलेले असतात. आपल्या संगणकावर तोच फाँट बसवलेला असेल, तर डिझाइन व्ह्यूमध्ये आणि लाइव्ह व्ह्यूमध्येही मजकूर अस्सल मराठी दिसू शकतो. कोड व्ह्यूमध्ये मात्र ते सोंग उघडे पडते, कारण तेथे अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. म्हणून बाहेरून आलेला मजकूर प्रथम कोड व्ह्यूमध्ये चिकटवून पाहावा, जुन्या फाँटमधला असेल तर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार एकदा स्वतः वाचावेत.

कोड व्ह्यूमध्ये चिकटवण्याचा आणखी एक फायदा आहे. वर्डमधील मजकूर दृश्य रूपात चिकटवला, तर त्याच्याबरोबर फाँट, रंग आणि अंतरे यांचा पुष्कळ कचरा पानात शिरू शकतो. कोड व्ह्यूमध्ये केवळ शब्द येतात आणि परिच्छेदांच्या खुणा आपण हाताने घालतो. काम थोडे वाढते, परंतु पुढचे तास वाचतात.

मराठीपुरती एक सूक्ष्म बाब येथेच सांगतो. सुपाऱ्या, पायऱ्या, दऱ्या या शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. नुक्ता असलेला र आणि हलन्त ही एक पद्धत आहे. साधा र, हलन्त आणि त्यापुढे दोन अक्षरे जोडून धरणारे एक अदृश्य चिन्ह ही दुसरी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कुळागराच्या पानांवर सुपाऱ्या हा शब्द दोन जणांनी टाइप केला होता. कंट्रोल आणि एफ दाबून तो शोधला तेव्हा सॉफ्टवेअरने निम्मेच शब्द दाखवले आणि माझा बराच वेळ कोड्यात गेला. सगळीकडे एकच पद्धत ठेवावी आणि शोध घेऊन दुसरी बदलून टाकावी. ते अदृश्य चिन्ह मध्येच गळाले, तर सुपार्या असे चुकीचे रूप उमटते, आणि ते पकडण्यासाठी लाइव्ह व्ह्यूमध्ये पान सावकाश वाचण्याला पर्याय नाही. कोड व्ह्यूमध्ये लांब परिच्छेद वाचणे कठीण जात असेल, तर व्ह्यू मेनूतील कोड व्ह्यू ऑप्शन्समध्ये वर्ड रॅप सुरू करावे आणि प्रेफरन्सेसमध्ये कोडचा फाँट थोडा मोठा करावा.

डिझाइन व्ह्यू: एका कामापुरता

डिझाइन व्ह्यूविषयी माझे मत फारसे चांगले नाही. ज्या काळात पाने कोष्टकांत बांधली जात, त्या काळाचा तो व्ह्यू आहे आणि आजच्या फ्लेक्स किंवा ग्रिड पद्धतीच्या मांडणीवर तेथे निर्णय घेऊ नये. पण कोष्टक भरायचे असेल तेव्हा मी आजही तेथेच जातो. खोल्यांचे दर, हंगाम आणि बिगरहंगाम, नाश्ता धरून किती आणि वगळून किती, असे कोष्टक कोडमध्ये लिहिताना ओळ चुकते. डिझाइन व्ह्यूमध्ये एका घरातून पुढच्या घरात टॅब कळीने जाता येते आणि शेवटच्या घरात टॅब दाबली की नवी ओळ आपोआप तयार होते. घरे जोडणे किंवा विभागणेही तेथे सोपे असते. आकडे भरून झाले की बाहेर पडावे.

स्प्लिट व्ह्यू: रोजचे काम

रंग, अंतरे, मांडणी आणि दुरुस्त्या या सर्वांसाठी स्प्लिट व्ह्यूच वापरावा. एका बाजूला कोड आणि दुसऱ्या बाजूला लाइव्ह ठेवले, की लाइव्हमधील एखाद्या चित्रावर टिचकी मारताच कोडमधील त्याची ओळ उजळते. कोणती खूण कोणत्या भागाची, हे शोधण्यात नवशिक्याचा निम्मा वेळ जातो आणि तो येथे वाचतो. खिडकी उभी विभागायची की आडवी, हे व्ह्यू मेनूतील स्प्लिटच्या पर्यायांत ठरवता येते. फोनसाठीचे अरुंद रूप तपासत असताना उभी विभागणी बरी, कारण लाइव्हचा भाग मुळातच अरुंद होतो. संगणकावरचे रुंद रूप पाहायचे असेल तेव्हा लाइव्ह वर आणि कोड खाली ठेवावा. लहान लॅपटॉपवर उभ्या विभागणीत रुंद पान पाहून ‘‘मांडणी मोडली’’ असा निष्कर्ष काढणारे मी अनेक पाहिले आहेत. मांडणी शाबूत असते, फक्त तिला अर्धीच खिडकी मिळालेली असते.

पानाच्या नावाखाली जोडलेल्या फाइलींची एक पट्टी दिसते. तेथे सोर्स कोड आणि त्याशेजारी स्टाइलशीटचे, म्हणजे रंग, आकार आणि मांडणीचे नियम असलेल्या फाइलीचे, नाव असते. स्टाइलशीटच्या नावावर टिचकी मारली, की कोडच्या भागात स्टाइलशीट येते आणि लाइव्हच्या भागात पान तसेच राहते. शीर्षकाचा आकार बदलायचा आहे, तर आकडा इकडे बदलावा आणि परिणाम तिकडे पाहावा. एवढ्या एका सोयीसाठी मी स्प्लिट व्ह्यूला सर्वांत वरचे स्थान देईन. एकाच लांब फाइलीचे दोन भाग समोरासमोर ठेवायचे असतील, तर त्याच मेनूत कोड-कोड असाही पर्याय आहे. मराठी आणि कोंकणी मेनूंची नावे एकाच फाइलीत असताना मी तो वापरला होता.

खुणा एकमेकींत फार खोल गुंतल्या असतील, तेव्हा डॉम पॅनेल उघडावे. कंट्रोल आणि एफ-७ ही त्याची कळ आहे. तेथे पानाचा सांगाडा झाडासारखा दिसतो आणि एखादा भाग उचलून वर किंवा खाली नेता येतो. लाइव्हमध्ये चित्र ओढून हलवताना ते नको त्या चौकटीत जाऊन बसण्याची भीती असते. डॉममध्ये ते कोणाच्या पोटात जात आहे हे स्पष्ट दिसते. खूण बंद करायची राहिली असेल, तर कोडच्या बाजूला ओळीच्या आकड्यावर लाल रंग येतो आणि आउटपुट पॅनेलमध्ये चुकीचे वर्णन मिळते. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून दर बदलानंतर कंट्रोल आणि एस दाबण्याची सवय बोटांनाच लागलेली बरी.

लाइव्ह व्ह्यू: देवनागरीची परीक्षा

लाइव्ह व्ह्यूमध्ये मजकुरावर दोनदा टिचकी मारली, की त्याभोवती नारिंगी चौकट येते आणि तेथल्या तेथे शब्द बदलता येतो. निळी चौकट असेल, तर तो भाग केवळ निवडलेला आहे असे समजावे. निवडलेल्या भागाच्या डोक्यावर त्याच्या खुणेचे नाव असलेला लहान फलक येतो आणि त्यावरील अधिक चिन्ह दाबून त्याला नवा क्लास, म्हणजे स्टाइलशीटमधील नियम लागू करणारे नाव, जोडता येतो. दुवा चालतो की नाही हे पाहायचे असेल, तर कंट्रोल दाबून त्यावर टिचकी मारावी.

पण लाइव्ह व्ह्यूचे खरे महत्त्व मला मराठी मजकुरासाठी वाटते. तयार टेंप्लेटे बहुतेक वेळा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात आणि त्यांत ओळींची उंची कमी असते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि ऋकार असतात. त्यामुळे दोन ओळी एकमेकींना चिकटतात, आणि चौकटीबाहेरचा भाग लपवण्याचा नियम लावलेला असेल, तर शीर्षकावरील रफार किंवा खालचा उकार चक्क कापला जातो. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवून पाहावी आणि ‘‘कुळागर दर्शन’’, ‘‘श्रींचा उत्सव’’ यांसारखे खालीवर पसरणारे शब्द शीर्षकात घालून तपासावे. टेंप्लेटमधील नमुन्याच्या इंग्रजी मजकुरावर ही परीक्षा होत नाही.

दुसरे पाहायचे ते अक्षरांमधील अंतर. इंग्रजी शीर्षके ऐटदार दिसावीत म्हणून टेंप्लेटमध्ये लेटर-स्पेसिंग वाढवलेले असते. तोच नियम मराठी शीर्षकाला लागला, की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. कोड व्ह्यूमध्ये शोध घेऊन मराठी आणि कोंकणी पानांपुरते हे अंतर शून्य करावे. सर्व अक्षरे मोठी करण्याचा नियमही तेथे असतो; देवनागरीत लहान-मोठी अक्षरेच नसल्यामुळे तो निरुपद्रवी ठरतो आणि सोडून दिला तरी चालतो.

ठरावीक रुंदीलाच लागू होणारे नियम तपासण्यासाठी लाइव्ह व्ह्यूच्या वर रंगीत पट्ट्या असतात. हिरवी पट्टी कमाल रुंदीचा नियम दाखवते, जांभळी किमान रुंदीचा आणि निळी या दोहोंमधील टप्प्याचा. पट्टीवर टिचकी मारली, की पान त्या रुंदीला जाते. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात तयार मापांची यादीही मिळते. पण मी यादीवर फार विसंबत नाही. खिडकीची कड धरून पान हळूहळू अरुंद करावे आणि ते ज्या ठिकाणी मोडेल त्या ठिकाणी नवा टप्पा, म्हणजे त्या रुंदीपासून मांडणी बदलणारा नियम, घालावा. ‘‘मुक्कामाची व्यवस्था’’ हा मेनूतील शब्द इंग्रजी ‘‘स्टे’’पेक्षा कितीतरी लांब आहे, त्यामुळे इंग्रजी पानाचा मेनू ७६८ पिक्सेलला एका ओळीत बसतो आणि मराठी पानाचा त्याआधीच दोन ओळींत जातो. तीन भाषांचे संकेतस्थळ असेल, तर सर्वांत लांब शब्दांच्या भाषेवरून टप्पे ठरवावेत.

वर्डप्रेसमध्ये हेच काम

२०१८ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ५.० आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये ब्लॉक संपादक आहे, म्हणजे पान परिच्छेद, चित्र अशा तुकड्यांनी (ब्लॉकांनी) बांधले जाते. तेथे नेहमीचे दृश्य रूप हे व्हिज्युअल एडिटर म्हणून ओळखले जाते आणि वरच्या कोपऱ्यातील तीन टिंबांच्या मेनूतून कोड एडिटर निवडता येतो. कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट आणि एम या कळा एकत्र दाबल्यावरही हा बदल होतो. येथील कोडमध्ये बहुतेक ब्लॉकांच्या आधी आणि नंतर टिप्पणीच्या रूपातील एक ओळ असते. ती ओळ बिघडली, की दृश्य रूपात परतल्यावर ब्लॉकमधील मजकूर अवैध असल्याची सूचना येते. त्यामुळे संपूर्ण पानाचा कोड उघडण्याऐवजी त्या एका ब्लॉकच्या मेनूतून एडिट ॲज एचटीएमएल निवडावे. चूक झालीच तर ती तेवढ्यापुरती राहते.

ड्रीमविव्हरमधील डॉम पॅनेलचे काम येथे लिस्ट व्ह्यू करतो. शिफ्ट, ऑल्ट आणि ओ दाबून तो उघडावा. स्तंभांच्या आत गट आणि गटाच्या आत चित्र अशी रचना असेल, तर दृश्य रूपात नेमका बाहेरचा गट निवडणे हे मासा हाताने पकडण्यासारखे होते. यादीत तो एका टिचकीत सापडतो. लांब लेख लिहायचा असेल, तर डिस्ट्रॅक्शन फ्री निवडून बाकीचे सारे लपवावे. संपूर्ण संकेतस्थळाचे शीर्ष आणि तळ बदलायचे असेल, तर साइट एडिटरमध्ये जावे लागते, तो ५.९ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ च्या जानेवारीपासून, ब्लॉक पद्धतीच्या थीमसोबत मिळतो. येथे एक सावधगिरी हवी: पान संपादित करतो आहोत की सर्व पानांना लागू असलेले टेंप्लेट, हे वरच्या पट्टीवर वाचल्याशिवाय काहीही पुसू नये.

प्रिव्ह्यूमध्ये डेस्कटॉप, टॅबलेट आणि मोबाइल असे पर्याय आहेत. ते अंदाजापुरते वापरावेत.

ब्राउझर आणि हातातला फोन

सॉफ्टवेअरमधील सारे व्ह्यू तपासून झाल्यावर ड्रीमविव्हरमध्ये एफ-१२ दाबावी. पान संगणकावरील ब्राउझरमध्ये उघडते. तेथे क्रोममध्ये पुन्हा एफ-१२ दाबली, की तपासणीची साधने उघडतात आणि कंट्रोल, शिफ्ट व एम दाबल्यावर पान फोनच्या आकारात दिसते. फायरफॉक्समध्येही याच कळा चालतात. ज्या व्ह्यूपोर्टच्या ओळीने माझी फजिती केली, तिची उणीव क्रोमच्या या फोनरूपात लगेच लक्षात येते, कारण तेथे फोनच्या वागण्याची नक्कल केली जाते. नेटवर्कच्या विभागात संथ इंटरनेटची नक्कल करण्याचीही सोय आहे आणि ती गोव्यातील अंतर्भागातील व्यवसायांनी वगळू नये. दाट कुळागरात किंवा सत्तरीतील डोंगरांआड रेंज कशी असते हे सांगायला नको. पाहुणा वाट चुकून तेथेच कोठेतरी उभा राहून आपले पान उघडत असतो.

माझ्या कामात पहिल्या पानावर फोनने काढलेले ४००० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र होते. संगणकातील फाइल थेट वाचली जात असल्याने लाइव्ह व्ह्यूमध्ये ते क्षणात दिसे, आणि संथ नेटवर्कच्या नक्कलेत मात्र वरून खाली पट्ट्यापट्ट्याने उतरत राही. त्याची रुंदी १६०० पिक्सेलवर आणली, नकाशाच्या चित्राऐवजी वाटेचे वर्णन साध्या मजकुरात पानाच्या वरच्या भागात लिहिले आणि फोन क्रमांकाला टिचकीसरशी फोन लागेल असा दुवा दिला. हा दुवा तपासण्यासाठी खरा फोनच घ्यावा लागतो.

म्हणून सर्व्हरवर एखादा चाचणीचा फोल्डर करून पाने आधी तेथे चढवावीत आणि निदान दोन फोनांवर उघडावीत. त्यांतील एक जुना आणि स्वस्त असावा. अँड्रॉइडच्या जुन्या फोनांत देवनागरीचा फाँट वेगळा असू शकतो, त्यामुळे मुक्ता किंवा नोटोसारखा वेबफाँट पानाला जोडला आहे आणि तो खरोखरच उतरतो आहे, हे तेथे पाहावे. फाँट उतरेपर्यंत मजकूर अदृश्य राहत असेल, तर स्टाइलशीटमध्ये फाँट-डिस्प्ले हा गुणधर्म स्वॅपवर ठेवावा. फोन आडवा धरून मेनू पाहावा. दराचे कोष्टक पडद्याबाहेर जाते का ते पाहावे. जात असेल, तर त्याभोवती आडवे सरकणारी चौकट घालण्यासाठी स्प्लिट व्ह्यूमध्ये परतावे लागते, आणि ती घातल्यावर पान पुन्हा चढवून त्याच जुन्या फोनवर उघडावे.